जुन्या वस्तीतला एक दिवस : वाचकांचे प्रश्न

जुन्या शहरांमधील भटकंतीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी निवडली आहेत. पत्रलेखक निरनिराळे असले तरी त्यांच्या मनातला बेत बहुतांशी सारखाच आहे : सोबतीला एक मित्र किंवा मैत्रीण, हाताशी एक मोकळा दिवस आणि समोर एखाद्या शहराचा जुना भाग. पहिल्या पत्राला आम्ही अधिक जागा दिली आहे, कारण इतर पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्याच पत्रात आहे.

प्रश्न : मी आणि माझा मित्र संधी मिळाली की कुठल्या ना कुठल्या शहराचा जुना भाग पाहायला जातो. माहितीपत्रकात दिलेली सगळी ठिकाणे पाहून होतात, छायाचित्रेही पुष्कळ निघतात. पण परत आल्यावर कोणी ‘काय पाहिलेत?’ असे विचारले, तर चार इमारतींच्या नावांपलीकडे आम्हांला काही सांगता येत नाही. असे का होत असावे?

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते की, आपला सगळा दिवस ठिकाणे गाठण्यात जातो आणि दोन ठिकाणांच्या मधला रस्ता केवळ उरकण्यापुरता उरतो. जुन्या वस्तीत सांगण्याजोगे जे असते, त्यातले बरेचसे याच मधल्या रस्त्यांवर असते. म्हणून पहिली सूचना अशी की, क्षेत्र लहान करावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा मिनिटांत चालत जाता येईल एवढाच भाग निवडावा आणि सबंध दिवस तेवढ्यातच काढावा. त्याच गल्लीतून सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला गेल्यास ती तीन वेळा निराळी दिसते, आणि दुसऱ्या फेरीत जे लक्षात येते ते पहिल्या फेरीत जवळजवळ कधीच आलेले नसते.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. इमारतींकडे वळण्यापूर्वी रस्त्यांची आखणी पाहावी. इमारती जळतात, पडतात, पाडून पुन्हा बांधल्या जातात. रस्त्याची रेघ मात्र सहसा जागची हलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना कोणाची ना कोणाची मालकी असते आणि मालकी आगीत जळत नाही. लंडनमध्ये १६६६ साली लागलेल्या आगीत जुन्या शहराचा बहुतेक भाग बेचिराख झाला. आग विझल्यावर काही दिवसांतच वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी सरळ, रुंद रस्त्यांचा नवा आराखडा राजापुढे ठेवला, इतरांनीही ठेवले. त्यांतला एकही अमलात आला नाही. जो तो आपल्या जुन्या जागेवर घर बांधण्याच्या घाईत होता, आणि हजारो लोकांच्या जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने वाटणी करण्याएवढा पैसा आणि अवधी कोणापाशीच नव्हता. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने घरे विटांची किंवा दगडांची असावीत असे बंधन घातले, काही रस्ते रुंदही झाले. पण थोडे अपवाद वगळता शहर पूर्वीच्याच रेघांवर उभे राहिले. आज तिथे काचेचे मनोरे दिसतात. त्यांच्या पायथ्याशी असलेल्या गल्ल्या मात्र आगीच्याही आधीच्या वळणाने जातात.

याहून जुने उदाहरण रोममध्ये आहे. पिआत्सा नाव्होना हा चौक लांबट असून त्याचे एक टोक गोलाकार आहे. चौकाला असा आकार कोणी मुद्दाम देत नसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सम्राट डोमिशियनने तिथे धावण्याच्या शर्यतींसाठी क्रीडांगण बांधले होते. त्याच्या बैठकांच्या पायांवर पुढे घरे उभी राहिली आणि मधली धावपट्टी चौक म्हणून मोकळी राहिली. लुक्का या इटालियन गावातही लंबवर्तुळाकार चौकाभोवतीची घरे एका रोमन रंगमंडलाच्या, म्हणजे खेळ पाहण्यासाठी बांधलेल्या गोलाकार प्रेक्षागृहाच्या, अवशेषांवर उभी आहेत. रंगमंडल दिसत नाही. त्याचा आकार दिसतो.

तेव्हा प्रत्येक वळणावर आपण दोघांनी एकच प्रश्न विचारावा : रस्ता नेमका इथेच का वळला? उत्तर बहुधा पाणी, चढ, तटबंदी, आधीची एखादी वास्तू किंवा जागा सोडायला तयार नसलेला मालक, यांपैकी एखादे निघते. जुन्या गाभ्याला वळसा घालणारा, एकाएकी रुंद झालेला रस्ता किंवा बागेचा पट्टा दिसला, तर तिथे तट होता असे मानायला हरकत नाही. व्हिएन्नाचा रिंगस्ट्रासे हा भव्य वर्तुळमार्ग १८५७ च्या राजाज्ञेनंतर पाडलेल्या तटाच्या जागेवर आहे, आणि क्राकोव्ह येथे जुन्या शहराभोवती बागेचे कडे आहे तेही तटाच्याच जागेवर. द्युब्रोव्हनिकचा सरळसोट मुख्य रस्ता म्हणजे एके काळी दोन वस्त्यांमधून जाणारी, नंतर बुजवलेली पाण्याची वाट आहे.

पाण्याचा माग काढणे तर विशेष फलदायी ठरते, कारण माणसे वस्ती करतात तेव्हा सर्वांत आधी पाण्याची सोय पाहतात. व्हेनिसमधील बहुतेक चौकांच्या मध्यभागी कोरीव दगडी कठडा असलेली विहीर दिसते. चारही बाजूंनी खारे पाणी असलेल्या शहरात गोड्या पाण्याची विहीर कशी, असे मनात आले पाहिजे. ती झऱ्याची विहीर नसते. चौकाच्या फरसबंदीला किंचित उतार दिलेला असतो, पावसाचे पाणी ठरावीक जागी ठेवलेल्या छिद्रांवाटे खाली उतरते, फरसबंदीखालच्या वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि मधल्या विहिरीत साठते. अर्थात, तो चौक मोकळा राहिला तो निव्वळ शोभेसाठी नव्हे. त्याच्या पोटात त्या मोहल्ल्याचे पिण्याचे पाणी होते. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि या विहिरींची गरज हळूहळू संपली. एवढे कळले की, त्या शहरातला प्रत्येक चौक आपोआप वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

जुनी आखणी टिकते या नियमाविरुद्ध जाणारे उदाहरणही ध्यानात ठेवावे. लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा आणि आग. मंत्री पोंबाल यांच्या हाती तेव्हा राज्याची सर्व सूत्रे होती, आणि त्यांनी नदीकाठचा बाइशा हा भाग काटकोनी रस्त्यांत नव्याने आखून घेतला. शेजारच्या टेकडीवरची अल्फामा ही वस्ती भूकंपातून बऱ्याच अंशी बचावली आणि तिच्या गल्ल्या आजही गुंतागुंतीच्याच आहेत. एकीतून दुसरीत चालत जायला फार वेळ लागत नाही. लंडनला जे जमले नाही ते इथे का जमले, यावर दोन मित्रांना दुपारभर वाद घालता येईल. आणि असा वाद झाला की, सांगण्यासारखे काही नाही ही तक्रार उरणार नाही.

प्रश्न : माझी मैत्रीण प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मला मात्र दिशाहीन हिंडायला आवडते. दुपारपर्यंत आम्ही दोघीही एकमेकींवर वैतागलेल्या असतो. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : दिवसातला एखादा तास दोघींनी वेगवेगळे हिंडावे, हा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि तो सुचवायला कोणी संकोच करू नये. सोबत जाणे म्हणजे सतत खांद्याला खांदा लावून चालणे, हा समज बहुतेक भटकंत्यांचा रसभंग करतो. भेटायची जागा आणि वेळ मात्र पक्की ठरवावी. ‘चौकात भेटू’ एवढे पुरेसे नाही, कारण जुन्या वस्तीत चौक अनेक असतात. कारंजे, कमान, घड्याळाचा मनोरा अशी एकच खूण सांगावी.

वेगळ्या स्वभावाची सोबत ही अडचण आहे असे आम्हांला वाटत नाही. फलक वाचणारीला इमारत कोणी, कधी बांधली हे कळते. हिंडणारीला त्या इमारतीच्या मागच्या दारी काय चालते हे दिसते. दोन्ही माहिती एकत्र आल्याखेरीज वस्ती कळत नाही. भेटल्यावर मैत्रिणीने आपल्याला तिने वाचलेल्यांपैकी एकच गोष्ट सांगावी आणि आपण तिला आपल्याला सापडलेल्या एकाच जागी घेऊन जावे. एकच, कारण दहा सांगितल्या की पुन्हा वैताग सुरू होतो.

प्रश्न : इमारत खरोखर किती जुनी आहे हे नुसते पाहून ओळखता येते का? आम्हां दोघा मित्रांची नेहमी पैज लागते आणि निकाल कधीच लागत नाही.

उत्तर : नुसते पाहून साल सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याशी पैज लावू नये. दर्शनी भिंत आणि आतले घर यांचे वय पुष्कळदा वेगळे असते. जुन्या घराला नव्या चालीचा अंगरखा चढवण्याची हौस सगळ्याच काळांत होती. म्हणून दर्शनी भिंतीपेक्षा घराची बाजू, मागची भिंत आणि छताची उतरण पाहावी. तिथे खर्च वाचवलेला असतो, त्यामुळे खरेपणा अधिक असतो.

इमारतीत झालेले बदल ओळखणे मात्र नक्कीच शक्य आहे आणि तेच अधिक मनोरंजक आहे. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्यांच्या संख्येवर कर होता, आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. तिथल्या जुन्या रस्त्यांवर अशा आंधळ्या खिडक्या आजही दिसतात. तरीही प्रत्येक बुजलेली खिडकी कराचीच साक्ष देते असे समजू नये. काही ठिकाणी भिंतीची समतोल मांडणी साधावी म्हणून खिडकीचा नुसता आकारच पहिल्यापासून बांधलेला असतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांवरील अरुंद घरांच्या माथ्यावर एक तुळई पुढे आलेली असते आणि तिला आकडा असतो. जिने इतके चिंचोळे की, सामान वर न्यायचे ते दोरीने बाहेरून. घराच्या माळ्यावर व्यापाराचा माल साठवला जात असे, हे त्या एका आकड्यावरून कळते. लंडनमधील काही जुन्या घरांवर धातूच्या लहान पट्ट्या दिसतात. मोठ्या आगीनंतर निघालेल्या विमा कंपन्यांच्या त्या खुणा आहेत. रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीला टेकून बसवलेला जाड दगड गाडीच्या चाकांनी कोपरा झिजू नये म्हणून असतो, आणि दारालगतची लोखंडी आडवी पट्टी बुटांचा चिखल खरवडण्यासाठी. पैज लावायचीच असेल तर अशा वस्तूंच्या उपयोगावर लावावी. तिचा निकाल लागतो.

आणखी एक इशारा द्यायला हवा. जे सर्वांत जुने दिसते ते पुष्कळदा सर्वांत नवे असते. बार्सिलोनाच्या गॉथिक वस्तीत एका गल्लीवरून नक्षीदार दगडी पूल जातो. लोक त्याच्याखाली उभे राहून मध्ययुगाची छायाचित्रे घेतात. तो पूल १९२८ सालचा आहे. तिथल्या कॅथेड्रलचा दर्शनी भागही १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. वॉर्साचे जुने शहर १९४४ मध्ये जर्मन सैन्याने पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले, आणि युद्धानंतर ते पुन्हा उभारताना १८व्या शतकातील चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो यांनी रंगवलेल्या शहरदृश्यांचाही आधार घेतला गेला. १९८० साली युनेस्कोने त्या पुनर्बांधणीलाच जागतिक वारशाचा मान दिला. वॉर्साला कोणी ‘नकली’ म्हटले तर आम्हांला ते मान्य नाही. तिथे काय घडले हे लपवलेले नाही. बार्सिलोनाच्या पुलाबाबत आमचे मत थोडे कमी उदार आहे, पण तो पूल देखणा आहे हे नाकारता येत नाही.

प्रश्न : जुन्या वस्तीतले घरक्रमांक आम्हांला कधीच समजले नाहीत. एका घराचा शोध घेताना आम्ही दोघे त्याच गल्लीत गोल गोल फिरलो. यामागे काही पद्धत असते का?

उत्तर : असते, पण प्रत्येक शहराची वेगळी. पॅरिसची पद्धत १८०५ मध्ये ठरली आणि ती समजायला सोपी आहे : सेन नदीला समांतर रस्त्यांवर क्रमांक नदीच्या प्रवाहाच्या दिशेने वाढतात, नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांवर नदीच्या बाजूने सुरू होतात, आणि डावीकडे विषम तर उजवीकडे सम असतात. म्हणजे तिथे नुसत्या क्रमांकावरून नदी कोणत्या दिशेला आहे हे सांगता येते. व्हेनिसमध्ये याच्या अगदी उलट. तिथे क्रमांक रस्त्याचे नसून शहराच्या सहा विभागांचे आहेत, आणि संपूर्ण विभागात ते एका मागोमाग एक धावतात. त्यामुळे ते हजारांत जातात आणि गल्लीचे नाव ठाऊक नसेल तर त्यांचा अनोळखी माणसाला काहीच उपयोग होत नाही. फ्लॉरेन्समध्ये दुकानांना लाल आणि राहत्या घरांना काळे किंवा निळे अशा दोन स्वतंत्र मालिका आहेत, त्यामुळे एकाच रस्त्यावर एकच आकडा दोनदा येतो. आपण गोल फिरलात ते बहुधा अशाच कारणाने.

प्रागमध्ये घरांवर दोन पाट्या असतात. लाल पाटीवरचा आकडा त्या भागातील घराच्या नोंदणीचा असतो, निळ्या पाटीवरचा रस्त्यावरील क्रमाचा. १७७० साली तिथे सत्तेवर असलेल्या हाब्सबुर्ग राजवटीने घरांवर क्रमांक घालायला सुरुवात केली ती टपालासाठी नव्हे. सैन्यभरतीसाठी कोणत्या घरात किती पुरुष आहेत हे तिला मोजायचे होते. त्याआधी घरे चिन्हांवरून ओळखली जात, आणि किल्ल्याकडे चढणाऱ्या नेरुदोवा रस्त्यावर दोन सूर्य, तीन सारंग्या अशी चिन्हे अजून दारांवर आहेत. तिथे गेलात तर क्रमांक विसरून चिन्हांच्या मागे जावे.

प्रश्न : गल्ल्यांतून हिंडताना एखाद्या कमानीतून आत जावे की नाही, हे आम्हांला कळत नाही. माझा मित्र बेधडक घुसतो, मला अवघडल्यासारखे होते.

उत्तर : आपले अवघडलेपण योग्य जागी आहे. फेज, ट्युनिस यांसारख्या उत्तर आफ्रिकेतील शहरांत वाहता रस्ता आणि बंद गल्ली यांत जुन्या काळापासून फरक केलेला आहे. वाहता रस्ता सगळ्यांचा. त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर ती सात हात धरावी, असा परंपरेचा दंडक होता. बंद गल्ली मात्र तिच्यावर दारे उघडणाऱ्या घरांची सामाईक मालमत्ता मानली जाई, आणि कोणाचीही नजर थेट दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून दारे समोरासमोर ठेवणे टाळले जाई. आपला मित्र ज्या गल्लीत बेधडक घुसतो ती पुष्कळदा कोणाचे तरी अंगण असते.

अहमदाबादच्या पोळींची, म्हणजे तिथल्या जुन्या मोहल्ल्यांची, रचनाही अशीच आहे. मुख्य रस्त्यावर एक दरवाजा, आत नागमोडी गल्ली, तिच्यावर उघडणारी घरे, आणि मोकळ्या जागी पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा. तटाच्या आतील या शहराला २०१७ साली जागतिक वारसा शहराचा दर्जा मिळाला. असा दर्जा मिळवणारे ते भारतातील पहिले शहर. तिथे १९९७ पासून वारसा फेरी चालते, आणि फेरीबरोबर गेल्यास पोळीतून जाणारे आपण आगंतुक ठरत नाही. स्वतंत्रपणे जात असाल तर साधा नियम पाळावा : दोन्ही टोके उघडी असलेल्या गल्लीतून खुशाल जावे, शेवट बंद दिसला की उंबऱ्यावरच थांबावे आणि कोणी दिसल्यास विचारावे. विचारलेल्याला बहुतेक वेळा आतच बोलावले जाते. माणसांची छायाचित्रे मात्र विचारल्याशिवाय काढूच नयेत. दाराची, जाळीची, कडीची काढावीत.

प्रश्न : मार्गदर्शक घ्यावा का? की फोनवरचा नकाशा पुरे?

उत्तर : मार्गदर्शक घ्यावा, पण दिवसाच्या सुरुवातीला नको. आधी दोघांनी आपले आपण हिंडून घ्यावे, शंका जमा कराव्यात आणि मग त्याच्यापुढे ठेवाव्यात. ऐकून पाहण्यापेक्षा पाहून ऐकणे अधिक लक्षात राहते. फोनवरचा नकाशा रस्ता चुकल्यावरच उघडावा. त्यावरचा सरकता ठिपका आपल्या जागी विचार करतो आणि दिशा ओळखण्याची सवय मोडतो.

नकाशा हवाच असेल तर जुना शोधावा. जांबात्तिस्ता नोल्ली यांनी १७४८ साली बारा तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या रोमच्या नकाशात घरांचे ठोकळे गडद रेघांनी भरलेले आहेत, पण चर्चचे अंतर्भाग आणि कमानींच्या पडव्या रस्त्यांसारख्याच कोऱ्या सोडल्या आहेत. ज्या आतल्या जागेत कोणालाही जाता येते ती रस्त्याचाच भाग, असा त्या नकाशाचा हिशेब आहे. आपणही चालताना कागदावर एका लहानशा भागाचा असा नकाशा काढून पाहावा. रेघा वाकड्या आल्या तरी बिघडत नाही, पण मित्राला न दाखवता काढावा आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. दोघांनी एकच गल्ली किती वेगळी चाललेली असते ते कळते.

प्रश्न : माझ्या मित्राचे गुडघे आता साथ देत नाहीत. जुन्या वस्तीत वाहने जात नाहीत, दगडी फरसबंदी आणि चढ-उतारही असतात. त्याला घेऊन जाण्याचा बेत सोडून द्यावा काय?

उत्तर : बेत सोडू नये, दिशा बदलावी. चढावरची वस्ती असेल तर वाहनाने वरच्या टोकाला पोहोचून हळूहळू खाली यावे. मात्र गुडघ्यांना उतारही त्रास देतो, म्हणून पायऱ्यांची वाट टाळून वळणावळणाने उतरणारी गल्ली धरावी. लिस्बनमध्ये बाइशातून वरच्या कार्मो भागात नेणारी १९०२ सालची लोखंडी लिफ्ट आहे. असे काही आपण निवडलेल्या शहरात आहे का ते आधीच पाहून ठेवावे. मित्राला ऊन-पाऊस सोसत नसेल तर इटलीतील बोलोन्यासारखे सपाट शहर निवडावे. तिथे घरमालकांनी घरापुढे कमानींची पडवी बांधावी असा नियम १२८८ सालीच झाला, आणि अशा पडव्यांची एकूण लांबी आज सुमारे ६२ किलोमीटर भरते. एकीतून दुसरीत असे बराच वेळ छपराखालूनच चालता येते.

बसण्याच्या जागा आधी हेराव्यात आणि त्यांच्या आधाराने दिवस आखावा. फ्लॉरेन्समधील मेदिची, रुचेल्लाय अशा घराण्यांनी १५व्या शतकात आपल्या वाड्यांच्या बाहेरच्या भिंतीला लागून दगडी बाके बांधली, आणि त्यांवर आजही कोणीही बसू शकते. मित्राला अशा ठिकाणी बसवून आपण दोन गल्ल्या पाहून याव्यात आणि येऊन त्याला सांगाव्यात. तेवढ्या वेळात त्याने समोरच्या रस्त्यावर जे पाहिले असेल तेही ऐकून घ्यावे. दर वीस मिनिटांनी बसणे त्याच्यासाठी आवश्यक असेल, तर तेच आपल्या दिवसाचे माप ठरू द्यावे, आणि पायांत चपलांऐवजी जाड तळव्यांचे, घोट्याला धरून राहणारे बूट दोघांनीही घालावेत, कारण झिजलेल्या दगडांवर धडधाकट माणसाचाही पाय मुरगळतो.